आसपासची जुनी झाडं ओळखणं, मोजणं, नोंदवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी जुन्या झाडांच्या घेरांची एक वही ठेवतो. टेप हातात घेऊन बुंध्याला मिठी मारणारा माणूस दिसला की लोक थांबतात, विचारतात, आणि घरी गेल्यावर आणखी प्रश्न पाठवतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. घाई असेल तर प्रश्न ४ आणि १७ तेवढे वाचा आणि बाहेर पडा.

१. 'लक्षणीय' झाड म्हणजे नेमकं कोणतं? मोठं असलं की झालं का?

मोठेपणा चटकन दिसतो, म्हणून सगळे तोच निकष धरतात. पण मोठं म्हणजे आपल्या जातीच्या मानाने मोठं. दोन मीटर घेराचा वड अजून पोरच म्हणायचा. तेवढ्याच घेराचा चाफा दिसला तर मात्र हातातलं काम टाकून थांबा. मोठेपणाखेरीज वय, चमत्कारिक वाढ (वीज पडून चिरलेलं, आडवं पडून पुन्हा वर वळलेलं), आसपास त्या जातीचं दुसरं झाड नसणं, यांतलं काहीही चालतं. हिरोशिमात स्फोटाच्या केंद्रापासून साधारण २ किलोमीटरच्या आत जी झाडं तगली, त्यांची शहराने यादी केली आहे आणि प्रत्येकाला पाटी लावली आहे. त्यांतली बरीचशी आकाराने अगदी सामान्य आहेत.

माझी स्वतःची कसोटी अशी: उद्या हे झाड नसलं तर रोज इथून जाणाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल का? होणार असेल तर वहीत घ्या.

२. आमच्याकडे सगळी नवी वस्ती आहे. जुनं झाड शोधू तरी कुठे?

बहुतेक वेळा ते असतं, आपल्याला दिसत नाही. रोज ज्याच्याखालून जातो ते नजरेला भिंतीच्या रंगासारखं होऊन जातं. झाडाखाली कुत्रं झोपलेला फोटो दाखवला तर दहातले नऊ जण 'कुत्रं' म्हणतील. जेम्स वॉन्डरसी आणि एलिझाबेथ शुस्लर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ मध्ये या सवयीला 'वनस्पती-अंधत्व' असं नाव दिलं.

ज्या जागी झाड तोडायला कधी कोणाला कारणच पडलं नाही अशा जागा धुंडाळा: दोन जमिनींची हद्द, जुनी विहीर, ओढ्याचा काठ, स्मशान, शाळेचं किंवा स्टेशनाचं आवार. रस्ता उगाचच वळलेला दिसला, कुंपणाची भिंत मध्येच थांबून चार हातांवर पुन्हा सुरू झाली, एखाद्या इमारतीचा कोपरा कापल्यासारखा वाटला, तर तिथे कोणीतरी कधीतरी झाडासाठी माघार घेतलेली असण्याची शक्यता मोठी. उपग्रहाच्या नकाशावर घरांच्या गर्दीत एकटीच रुंद, गडद छत्री दिसते, तीही तपासून या. आणि रोजच्या रस्त्याने एकदा पलीकडच्या बाजूने, सकाळच्या तिरप्या उन्हात चाला. पानगळीच्या दिवसांत गेलात तर फांद्यांचा सांगाडाही वाचता येतो.

३. झाडाचं नावच माहीत नाही. आधी नाव शोधू की मोजू?

मोजा. नाव नंतरही मिळतं. सबंध झाड, साल जवळून, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल-फळ-शेंग असेल तर तेही, असे फोटो काढून ठेवा. मोबाइलमधली ओळखणारी अॅप्स नुसत्या सालीवरून सर्रास चुकतात. फूल दाखवलं की बरीच सुधारतात. खाली पडलेल्या पानांवर विसंबू नका, ती शेजारच्या झाडाची असू शकतात. वर पाहूनही फसगत होते, कारण एका झाडावर दुसरं वाढत असतं (प्रश्न १४).

४. घेर मोजायची बरोबर पद्धत कोणती?

छातीइतक्या उंचीवर, बुंध्याभोवती. भारतात आणि अमेरिकेत ही उंची १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट धरतात. युरोपात बहुतेक ठिकाणी १.३ मीटर. कोणतीही धरा, पण वहीत लिहा आणि दर वेळी तीच ठेवा. 'छातीइतकी' म्हणजे स्वतःची छाती समजू नका. जमिनीपासून उंची मोजून खडूने खूण करा.

टेप फायबरग्लासची बरी. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. टेप नसेल तर न ताणणारी सुतळी गुंडाळा, गाठीपाशी पेनाने खूण करा आणि घरी जाऊन पट्टीवर मोजा. खरी गोम बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला असते. तुम्ही इकडे आकडा वाचत असता आणि मागे टेप एखाद्या जुन्या फांदीच्या गाठीवर चढलेली किंवा हातभर खाली घसरलेली असते. तिरपी टेप नेहमी जास्त आकडा दाखवते. माझ्या वहीत एका चिंचेचा घेर ४.६१ मीटर आहे आणि पुढच्या वर्षी ४.३८. चिंच काही २३ सेंटीमीटर आटली नव्हती. पहिल्या वर्षी मी एकटा गेलो होतो, एवढाच फरक. तेव्हा जोडीने जा, एकाने मागे फिरून टेप आडवी आहे ना ते बघावं. दोनदा मोजा, दोन सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

वेल चढलेला असेल तर टेप त्याच्याखालून सरकवता येते का पाहा. नाहीच जमलं तर 'वेलासकट' असं लिहा. व्यास हवा असेल तर घेराला ३.१४ ने भागा. मी घेरच लिहितो. खोड गोल नसतं, त्यामुळे व्यास हा तसाही मानलेलाच आकडा.

५. जमीन उताराची आहे, बुंधा खालीच फुटलाय, भोवती चौथरा आहे. मग उंची कुठून धरायची?

उतारावर चढाच्या बाजूने जमिनीपासून मोजा. झुकलेल्या झाडाची उंची खोडाच्या कलाबरोबर धरा आणि टेप खोडाला काटकोनात ठेवा. छातीच्या उंचीखालीच दोन खोडं झाली असतील तर बेचक्याच्या खाली जिथे बुंधा सर्वात बारीक असेल तिथे मोजा आणि ती उंची लिहा. जमिनीतूनच वेगवेगळी खोडं निघत असतील तर प्रत्येकाचा घेर वेगळा लिहा. त्यांची बेरीज करून मोठा आकडा मिरवण्यात अर्थ नाही. नेमकी त्याच उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर थोडं खाली या. पडद्यासारखी पसरलेली आधारमुळं असली तर ती जिथे संपतात त्याच्या वर.

चौथऱ्याचं सांगणं अवघड, कारण आत किती बुंधा पुरला गेलाय कळत नाही. चौथऱ्याच्या माथ्यापासून मोजा आणि तसं स्पष्ट लिहा. थोडक्यात, अडचण कोणतीही असो, 'कुठे मोजलं' हे लिहिलेलं असेल तर आकडा कामाचा राहतो.

६. वडाचं काय करायचं? मूळ खोड कोणतं तेच कळत नाही.

वड हा मोजणाऱ्याची परीक्षा पाहतो. पारंबी जमिनीत रुतली की खोड होते, खोडाला खोड चिकटतं, आणि पन्नास-शंभर वर्षांनी मूळ बुंधा कोणता यावर घरातल्या घरात वाद होतात. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीने कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड मात्र आजही हजारो पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतं आहे. आंध्र प्रदेशातला तिम्मम्मा मर्रिमानु हा वड सुमारे ५ एकरांवर पसरलेला आहे. १९८९ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. अशा झाडाचा घेर विचारणं म्हणजे गर्दीच्या कमरेचं माप विचारणं.

म्हणून वडासाठी तीन आकडे घ्या: सर्वात जाड सलग खोडाचा घेर, जमिनीत रुतलेल्या पारंब्यांची संख्या (मनगटाहून जाड तेवढ्याच मोजा, नाहीतर संध्याकाळ होईल), आणि छत्रीचा विस्तार. विस्तारासाठी छत्रीच्या एका कडेखालून समोरच्या कडेखालपर्यंत दोन काटकोनी दिशांना अंतर मोजा आणि सरासरी काढा.

आणखी एक भानगड. पुष्कळदा वड दुसऱ्या झाडावर उगवून त्याला वेढतो, यजमान आत मरून कुजून जातो आणि मध्ये पोकळी राहते. मग घेरात ती पोकळीही धरली जाते. अशा वडाच्या घेरावरून वय काढायला जाऊ नका.

७. उंची कशी मोजायची? चढावं लागेल का?

चढू नका. एक सरळ काठी घ्या. हात पूर्ण ताठ धरल्यावर डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर होतं तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहील अशी धरा. आता मागे मागे सरका, मुठीची वरची कड बुंध्याच्या पायाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत. जुळलं की तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर हीच झाडाची उंची. सपाट जमिनीवर मीटर-दोन मीटर इकडेतिकडे होतं. झाड झुकलेलं असेल तर ते तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर न झुकता आडवं झुकलेलं दिसेल अशा बाजूला उभे राहा. खरं सांगायचं तर मी उंचीला फार किंमत देत नाही. जुनी झाडं उंचीने कमीही होतात (प्रश्न १३).

८. घेर मोजला. आता वय किती ते सांगा.

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराज होतात तेही इथेच.

ॲलन मिचेल या ब्रिटिश वृक्षअभ्यासकाने एक ठोकताळा दिला होता: मोकळ्यावर वाढणाऱ्या झाडाचा घेर वर्षाला सरासरी २.५ सेंटीमीटर वाढतो, दाटीतल्या झाडाचा साधारण त्याच्या निम्मा. हा ठोकताळा तिकडच्या थंड हवेतल्या झाडांवरून बांधलेला आहे. तो उचलून कुठल्याही झाडाला लावला की कसलाही आकडा निघतो. निलगिरी वीस वर्षांत जो घेर गाठते त्याला डोंगरावरच्या एखाद्या झाडाला शंभर वर्षं लागतील. पाण्याजवळचं आणि खडकावरचं, एकाच जातीची दोन झाडंसुद्धा जुळत नाहीत.

त्यातल्या त्यात बरा मार्ग असा. त्याच जातीचं, तशाच जमिनीतलं, लावल्याचं साल पक्कं माहीत असलेलं दुसरं झाड शोधा. समजा ते ६० वर्षांचं आहे आणि घेर १.८ मीटर. म्हणजे वर्षाला ३ सेंटीमीटर. तुमच्या झाडाचा घेर ४.२ मीटर असेल तर सरळ भागाकाराने १४० वर्षं येतात. पण वय वाढतं तशी घेराची वाढ मंदावते: झाड दरवर्षी साधारण तेवढंच लाकूड तयार करतं, ते आता जास्त मोठ्या परिघावर पसरायचं असतं, म्हणून थर पातळ होत जातो. तेव्हा वहीत '१४० ते २००' लिहा, आणि पुढे 'अंदाज' हा शब्द. एकच आकडा लिहिण्याचा मोह टाळा.

याहून पक्कं हवं असेल तर कागद शोधा. आवारातली इमारत कधी बांधली, उद्घाटनाच्या फोटोत झाड आहे का, असलं तर माणसांच्या तुलनेत किती आहे, जुन्या मोजणीच्या नकाशावर त्याची खूण आहे का. एका तारीख असलेल्या फोटोने जे काम होतं ते दहा ठोकताळ्यांनी होत नाही.

९. आमच्याकडचे जुने लोक शपथेवर सांगतात की झाड ५०० वर्षांचं आहे. खोटं कसं म्हणू?

म्हणू नका. 'आजोबांच्या लहानपणी एवढंच होतं' हे वाक्य मी इतक्या झाडांखाली ऐकलंय की आता मोजायचं सोडून दिलंय. सांगणारा खोटं बोलत नसतो. लहानपणी सगळंच मोठं दिसतं, आणि मोठं झाड डोळ्यांदेखत वाढताना जाणवत नाही. शिवाय जुन्याच्या जागी नवं लावलं गेलं तरी नाव तेच चालू राहतं.

ऐकलेलं वय 'सांगीव' म्हणून लिहा, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख लिहा, आणि घेरापासून वेगळ्या रकान्यात ठेवा. अपवादही आहेत. श्रीलंकेत अनुराधपुरच्या बोधिवृक्षाची लागवड परंपरेने इसवी सनपूर्व २८८ मधली मानतात, आणि ते मानता येतं कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या झाड सांभाळणारे लोक आणि लिहिलेली बखर दोन्ही आहेत. नुसता गोल आकडा असेल तर त्याच्यामागे सहसा काही नसतं.

१०. भोक पाडून वलयं मोजतात ना? ते का करत नाही?

करतात, पेन्सिलीएवढ्या नळीने गाभ्यापर्यंतचा नमुना काढतात. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूर्यावरच्या डागांचं चक्र शोधता शोधता हे वलयांचं शास्त्र उभं केलं. पण ज्या हवेत झाडाची वाढ वर्षातून एकदा ठळकपणे थांबते तिथे ते नीट चालतं. उष्ण प्रदेशात साग स्पष्ट वलयं देतो. वड-पिंपळासारख्या झाडांत ती भरवशाची नसतात. त्यात जुनं झाड आतून पोकळ असलं तर मोजायला गाभाच नसतो.

मुख्य म्हणजे ती जखम आहे, आणि हौसेसाठी जुन्या झाडाला जखम करू नये असं माझं मत. १९६४ मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या एका डोंगरावर एका संशोधक विद्यार्थ्याने अभ्यासासाठी ब्रिसलकोन जातीचं एक पाइन, वनखात्याच्या परवानगीने, तोडवलं. वलयं मोजली तेव्हा ती ४,८०० च्या वर भरली. तोवर माहीत असलेल्या कुठल्याही झाडाहून ते जुनं होतं. ते कळलं, ते तोडल्यावर.

११. ताडामाडांचा आणि गोरखचिंचेचा हिशोब वेगळा का?

ताड, माड, खजूर यांची खोडं आपल्या नेहमीच्या झाडांसारखी थर चढवत जाड होत नाहीत. त्यामुळे घेरावरून वय काढायचा प्रश्नच मिटतो. उंची आणि गळलेल्या झावळ्यांचे वण पाहा.

गोरखचिंचेच्या (म्हणजे बाओबाबच्या) बुंध्यात पाणी साठतं, त्यामुळे दुष्काळात तिचा घेर चक्क कमी होऊ शकतो. शिवाय मोठ्या गोरखचिंचा बऱ्याचदा अनेक खोडं जुळून झालेल्या असतात. त्यांचं वय कार्बन पद्धतीने काढतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या सर्वात जुन्या १३ गोरखचिंचांपैकी ९ आधीच्या १२ वर्षांत पूर्ण मेल्या किंवा त्यांची सर्वात जुनी खोडं कोसळली, असं आढळलं. कोणीतरी त्या आधीच मोजून ठेवल्या होत्या म्हणून हे कळलं.

१२. झाड आतून पोकळ आहे. ते मेलंय का? पडेल का?

पोकळ म्हणजे मेलेलं नव्हे. खोडाचा मधला गाभा तसाही निर्जीव लाकडाचा असतो. पाणी वर नेणारं जिवंत लाकूड त्याच्या बाहेर, आणि अन्न खाली आणणारा थर सालीलगत. गाभा कुजला तरी बाहेरची नळी काम करत राहते, आणि नळी वाकायला बऱ्यापैकी चिवट असते. ॲलेक्स शिगो या अमेरिकी अभ्यासकाने हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम बरी करत नाही. ते तिच्याभोवती भिंती घालून कुजणं कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणूनच ढोलीत सिमेंट भरायची पूर्वीची पद्धत आता टाकून देतात: भराव झाडाबरोबर हलत नाही, आत ओल धरतो, आणि खरवडताना त्या भिंती फुटतात. शिवाय ढोलीत पिंगळा, पोपट, धनेश, मधमाश्या, वटवाघळं यांचे संसार असतात.

काळजीची चिन्हं वेगळी आहेत. बुंध्याच्या पायाशी फळीसारखी कडक अळंबी, बेचक्यात नवी चीर, एका बाजूची जमीन उचललेली, आजवर नसलेला कल. यांतलं काही दिसलं तर खाली उभं राहून फोटो काढत बसू नका. झाडांची पाहणी करणाऱ्या जाणकाराला बोलवा.

१३. शेंड्याच्या फांद्या वाळल्यात. म्हातारं झाड संपत आलं का?

संपेलच असं नाही. पुष्कळ जुनी झाडं वरचा पसारा आवरतात आणि खाली नवी छत्री धरतात. वर वाळक्या शिंगांसारख्या फांद्या, खाली हिरवीगार पालवी. असं झाड आणखी कित्येक दशकं, कधी शतकंही काढतं. खालीही पालवी विरळ होत चालली असेल तर मुळांकडे पाहा (प्रश्न १६).

१४. जुन्या झाडावर पिंपळ उगवलाय, बांडगूळही आहे. काढून टाकू का?

आधी तिघांत फरक करा. आमरी (ऑर्किड), नेचे, शेवाळ नुसते बसलेले असतात, झाडाचं काही घेत नाहीत. बांडगूळ हिरवं असतं, अन्न स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार झाडातून ओढतं. थोडं असलं तर झाड निभावतं. पिंपळ-वडाची मुळं जमिनीला पोचली की मग ते यजमानाला आवळतात. रोप बोटभर असतानाच काढायचं तर काढा. मांडीएवढी मुळं झाली असतील तर आता ते दोघांचं मिळून एक झाड आहे, तसंच नोंदवा.

१५. लहानपणी खोडावर कोरलेलं नाव अजून त्याच उंचीवर कसं? झाड तर केवढं वाढलं!

झाडाची उंची वाढते ती टोकांना. खोड नुसतं जाड होतं. म्हणून नाव त्याच जागी राहतं, फक्त रुंद होतं. याचाच फायदा घेऊन जुन्या फोटोतली खूण आणि आजची खूण जुळवता येते. कोरू मात्र नका. खिळे आणि तारा त्याहून वाईट: तार झाडाला वेढून राहिली तर साल तिच्यावरून वाढते आणि तार आत गिळली जाते. सैल असेल तोवर कापून काढा, रुतलेली ओढू नका.

१६. बुंध्यापर्यंत फरशी घातली आहे. झाड तर हिरवं दिसतंय, मग बिघडलं कुठे?

मुळं खोल जातात हा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-एक मीटर मातीत असतात आणि छत्रीच्या बाहेर बरीच दूर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. माती तुडवली गेली की हवा संपते, आणि परिणाम दिसायला कित्येक वर्षं लागतात. फरशी घालणारा तोवर विसरूनही गेलेला असतो.

याचा एक नमुना लंडनच्या क्यू उद्यानात पाहायला मिळाला. १७९८ मध्ये लावलेला तिथला 'टर्नर्स ओक' खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा त्याच जागी टेकवला. वाचणार नाही असं धरून टेकू देऊन ठेवला. तीनेक वर्षांनी पाहतात तर तो आधीपेक्षा जोमात. वादळाने मुळांभोवतीची घट्ट माती सैल केली होती. त्यानंतर तिथे जुन्या झाडांखालची माती दाबाच्या हवेने मुद्दाम मोकळी करू लागले. तुमच्या हातात दाबाची हवा नसेल, पण बुंध्याभोवतीची फरशी उचलायला लावणं, तिथे पालापाचोळा पडू देणं आणि गाड्या उभ्या न करणं एवढं जमतं. पाचोळा बुंध्याला चिकटवून ढीग घालू नका, आणि वर मातीची भरही टाकू नका.

१७. नोंदीत काय काय लिहायचं?

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

'चिंच. घेर ४.४० मी., १.३७ मी. उंचीवर, चढाच्या बाजूने. दोघांनी मोजला. छत्री १९ × १६ मी. पूर्वेला ढोली, पिंगळा आत. पश्चिमेची मोठी फांदी तुटलेली, वण जुना. बुंध्यात दोन खिळे. वय सांगीव ३००. अंदाज १५० ते २२०. फोटो फाटकाच्या डाव्या खांबापासून.'

वर तारीख, खाली जागा. शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं: पुढचा फोटो त्याच खांबापासून काढायचा. फोटोत माणूस किंवा सायकल उभी करा, नाहीतर आकार कळत नाही.

१८. एकदा मोजलं. परत कधी जायचं?

मोजायला पाच वर्षांनी, शक्यतो त्याच ऋतूत. दरवर्षी मोजलंत तर वाढीपेक्षा टेपची चूक मोठी येते (प्रश्न ४ मधली माझी चिंच). बघायला मात्र केव्हाही जा.

स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगल गावातलं यू जातीचं झाड हे यासाठी मला फार आवडतं. डेन्स बॅरिंग्टन याने १७६९ मध्ये त्याचा घेर ५२ फूट मोजला. नंतर बुंधा फुटत गेला, मधला भाग नाहीसा झाला; आज वेगवेगळे तुकडे उभे आहेत, आणि मूळ बुंधा कुठवर होता ते जमिनीतल्या खुंट्यांवरून कळतं. वयाचे अंदाज २,००० पासून ५,००० वर्षांपर्यंत पसरलेले आहेत, म्हणजे नक्की कोणालाच सांगता येत नाही. मोजलेला ५२ फुटांचा आकडा मात्र आजही टिकून आहे. आणि गंमत पुढेच आहे. हे झाड नर म्हणून नोंदलेलं. २०१५ मध्ये एडिंबराच्या वनस्पती उद्यानातल्या एका अभ्यासकाला त्याच्या एका फांदीवर तीन लाल फळं दिसली. एक फांदी मादी झाली होती. एवढ्या प्रसिद्ध झाडावरसुद्धा कोणीतरी नीट वर पाहायला लागलं.

१९. झाड खासगी आवारात आहे. आणि नेमकी जागा सगळ्यांना सांगावी का?

बेल वाजवा आणि विचारा. 'तुमच्या झाडाचा घेर मोजू का?' याला फारच थोडे लोक नाही म्हणतात. बरेच जण टेपचं दुसरं टोक धरायला येतात. नाही म्हणाले तर रस्त्यावरून फोटो काढा, छत्रीचा अंदाज घ्या आणि 'घेर मोजला नाही' असं लिहा.

जागेचं म्हणाल तर झाडावर अवलंबून. रस्त्यावरच्या झाडाची जागा खुशाल सांगा, माहीत असण्यानेच ते वाचतं. ढोलीत घुबड-पोपटांची घरटी असतील, दुर्मीळ आमरी असेल किंवा मालकाला वर्दळ नको असेल तर सांगू नका. कॅलिफोर्नियातल्या मेथुसेलाह या अतिप्राचीन पाइनची नेमकी जागा तिथल्या वनखात्याने वर्षानुवर्षं सांगितली नाही.

२०. झाड तोडणार असल्याचं कळलंय. वहीचा काही उपयोग?

होतो. नियम जागोजागी वेगळे असतात, पण पहिले प्रश्न तेच: परवानगी लेखी आहे का, कोणी दिली, कोणत्या झाडासाठी, कोणत्या कारणासाठी. परवानगीत 'धोकादायक' लिहिलं असेल तर पाहणी कोणी आणि केव्हा केली ते विचारा. इथे तारखेसकट घेर, पाच वर्षांचे फोटो आणि ढोलीतल्या घरट्याची नोंद पुढे ठेवता आली तर बोलणं ठोस होतं. '५०० वर्षांचं झाड' म्हणून गेलात आणि कोणी ते शंभरचं ठरवलं, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो. फांद्या कमी करून, टेकू देऊन धोका टळेल का हेही विचारा, बऱ्याचदा टळतो. आणि करवत सुरू असताना बुंध्यापाशी उभे राहू नका.

२१. झाड गेलं. नोंद खोडून टाकू का?

नाही. तारीख घालून 'पडलं', 'तोडलं' किंवा 'वाळलं' असं लिहा आणि पान राहू द्या. वाळकं झाड कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर उभंच बरं, पक्ष्यांना आणि किड्यांना त्याची गरज असते.

तोडलेलं असेल तर लगेच जा. ताजा खुंट ओला करून, एक पट्टा गुळगुळीत घासून वलयं मोजायची हीच एक वेळ (ज्या जातीत ती असतात त्यांच्यात, प्रश्न १० पाहा). मधोमध मोजपट्टी ठेवून फोटो काढा, घरी मोठा करून सावकाश मोजता येतात. पोकळीपाशी थांबा आणि 'किमान इतकी' लिहा.

खुंट म्हणजे शेवट असंही धरू नका. न्यूझीलंडमध्ये कौरी जातीचा एक पानं नसलेला खुंट शेजारच्या झाडांच्या मुळांशी जोडला जाऊन जिवंत राहिल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या माहितीतली अनेक झाडं तर खुंटावरून सरळ फुटतात. माझ्या वहीत एका निंबाखाली 'तोडला' असं लिहून मी पान उलटलं होतं. दोन पावसाळ्यांनी तिथून जाताना थांबलो आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'घेर नाही. फुटवे ११. सर्वात उंच कमरेइतका.'